उतरत्या उशीवर आठ महिने

स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन होऊन मला दोन वर्षं झाली. वजन ११८ वरून ८१ किलोवर आलं, गुडघ्यांची कुरकुर थांबली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आधी महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रात्री घशाशी आंबट यायचं, ते नंतर आठवड्यातून चार-चार रात्री व्हायला लागलं. दीड-दोनला ठसका लागून उठायचं, घसा सोलवटलेला, मग तासभर भिंतीला टेकून बसायचं. म्हणून ही फोमची उतरती उशी घेतली.

डोक्याकडे २० सेंटीमीटर उंच आणि कंबरेकडे निमुळती होत जाणारी. पहिले चार दिवस फोमचा असा वास येत होता की खिडकीत उभी करून ठेवावी लागली. आधी मी दोन साध्या उशा एकावर एक रचून पाहिल्या होत्या. त्याने नुसती मान वर होते, पोट मध्ये दुमडतं, त्यावरचा दाब वाढतो आणि जळजळ आणखीच. इथे कंबरेपासून अख्खी पाठ उचलली जाते, हाच काय तो फरक, आणि तो मोठा आहे.

आता दोष. उतारावर माणूस घसरणारच, त्यात खोळ गुळगुळीत. पहाटे जाग यायची तेव्हा डोकं उशीच्या मध्यावर आणि पाय पलंगाबाहेर. शेवटी वरून जाडी सुती चादर घट्ट खोचली आणि मांड्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. तेव्हापासून बहुतेक रात्री जागच्या जागी असते. डाव्या कुशीवर झोपावं म्हणतात, कारण त्या बाजूला जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. खरं आहे, पण या उतारावर डावा खांदा दबून हाताला मुंग्या येतात. कंपनीने खांद्यासाठी खोबण ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

एक प्रामाणिकपणे सांगते, सगळं श्रेय उशीचं नाही. त्याच सुमारास एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) झाली, अन्ननलिकेला सूज निघाली. मी ॲसिडिटीची गोळी रात्री जेवून झोपताना घेत होते. डॉक्टरांनी ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला लावली. शिवाय जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. म्हणून मुद्दाम चार रात्री उशीशिवाय झोपून पाहिलं, बाकी सगळं तेच. दुसऱ्याच रात्री ठसका. दिवसा मात्र उशीचा काय उपयोग! बुटाची नाडी बांधायला वाकले की अजूनही आंबट वर येतं.

ते येणारच, हे मला नंतर कळलं. स्लीव्हमध्ये जठराचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग काढतात. उरते ती अरुंद नळी, ती फारशी ताणत नाही, आतला दाब वाढतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथला कोन एरवी झडपेला साथ देतो, तोही बिघडू शकतो. वजनासाठीच्याच दुसऱ्या ऑपरेशनात, बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात), उलट हा त्रास सहसा कमी होतो. ऑपरेशनआधीच्या फॉर्मवर 'ॲसिडिटी आहे का' असा रकाना होता. मी 'कधीकधी' लिहिलं. पुढे कुणी विचारलं नाही, आणि मीही वजनाच्या काट्याकडे डोळे लावून बसले होते. तुमचं ऑपरेशन व्हायचं असेल तर त्या रकान्यात सविस्तर लिहा, आणि एंडोस्कोपी आधी करणार की नाही ते विचारा.

पाचापैकी साडेतीन तारे. खांद्याखाली फोम आताच दोन बोटं बसलाय. पुढच्या महिन्यात परत एंडोस्कोपी आहे; सूज तशीच असेल तर स्लीव्हचं बायपास करायचं का यावर बोलणं होईल. तोवर दुसरी उशी मागवतेय, हीच, पण लांब मापाची.