३० सप्टेंबर आणि ‘आपला माणूस’

मागच्या आठवड्यात मंडळातल्या एका बाईंचा फोन आला. मुलगी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला आहे, तिथून विद्यापीठात ट्रान्सफरसाठी कुणी चांगला कन्सल्टंट माहीत आहे का, असं विचारत होत्या. मी पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एकदा लिहूनच टाकावं.

मी कॅलिफोर्नियात बरीच वर्षं आहे. ताईचा मुलगा एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आला आणि आमच्या घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात अर्थशास्त्र शिकू लागला. बेत साधा होता. दोन वर्षांत ६० युनिट्स (म्हणजे क्रेडिट्स) करायची आणि यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, एखाद्या कॅम्पसवर थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. रस्ता मळलेला आहे. यूसीत ट्रान्सफरने जाणारी बहुतेक मुलं कम्युनिटी कॉलेजांतूनच जातात. पोरगा अभ्यासू, ग्रेड्स चांगले. त्याच्या डोक्यात यूसीचं बर्कली होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा माझ्या डोक्यात जास्त होतं.

२०२३ च्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, एक गृहस्थ भेटले. अस्खलित मराठी, पायात कोल्हापुरी, खिशात कार्ड. ‘ॲडमिशन स्ट्रॅटेजिस्ट’. म्हणाले, “बर्कलीला ट्रान्सफरमध्ये चौघांतला एक जण लागतो. बाकी तिघांनी माझ्याकडे यायला हवं होतं.” मी हसलो. तिथेच फसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी व्हिडिओ कॉल झाला. २,८०० डॉलर्सचं पॅकेज, ‘प्लेसमेंट गॅरंटीड’. श्रीमंत पालकांनी लाच देऊन मुलांना नामांकित कॉलेजांत घुसवल्याचं २०१९ चं ते मोठं प्रवेश प्रकरण मी वाचलेलं होतं. त्यातला सूत्रधार रिक सिंगर याला २०२३ च्याच जानेवारीत साडेतीन वर्षांची शिक्षा झाली होती. पण तो श्रीमंतांचा मामला, असं म्हणून मी ते बाजूला ठेवलं. हा तर आपला माणूस. ताईला फोन केला तर ती म्हणाली, “तू आहेस ना तिथे, मग मला कसली काळजी?” पैसे तिने पाठवले, मी झेल या पैसे पाठवायच्या ॲपवरून पुढे सरकवले.

आता या गोष्टीतला खरा घाव. यूसीचे सहा कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना लेखी हमी देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. याला टॅग म्हणतात, ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, असेल तर जागा पक्की. अर्ज फुकट, पण कॅम्पस एकच निवडायचा आणि खिडकी फक्त १ ते ३० सप्टेंबर उघडी. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. भाच्याने डेव्हिसचा टॅग अर्धा भरूनही ठेवला होता, अटींत तो आरामात बसत होता. टॅग भरला म्हणून दुसऱ्या कॅम्पसना अर्ज करायला कुणी अडवत नाही.

कन्सल्टंट म्हणाले, “टॅग भरलात की बर्कलीवाल्यांना दिसतं. मग ते म्हणतात, हा तर डेव्हिसचाच.” धादांत खोटं. भाचा कुरकुरला, “मामा, कॉलेजच्या काउन्सेलर मॅडम तर भरच म्हणतात.” मी म्हणालो, “त्यांना दिवसाला पन्नास मुलं बघायची असतात. हे आपल्यासाठी वेळ देतायत.” ३० तारीख शनिवारी आली आणि गेली. आम्ही सहकुटुंब जेवायला बाहेर गेलो होतो.

मग एकेक माल येऊ लागला. पहिला ‘कोर्स मॅपिंग रिपोर्ट’. तुमच्या कॉलेजचा कुठला विषय यूसीत कशाच्या बदल्यात धरतात, याचा बारा पानी तक्ता. छान होता. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘असिस्ट’ छापलेलं होतं. असिस्ट ही कॅलिफोर्नियाची सरकारी वेबसाइट आहे, कुणालाही मोफत. ती अक्षरं मला दिसली होती. मला वाटलं, सॉफ्टवेअरचं नाव असेल.

पुढे ६०० डॉलर्स, दोन प्राध्यापकांच्या शिफारसपत्रांसाठी. यूसी ट्रान्सफरच्या अर्जात शिफारसपत्रं मागतच नाही. हे त्यांच्याच सूचनांत लिहिलेलं आहे. मी ‘कामात आहे’ म्हणून त्या सूचना वाचल्या नाहीत. अर्जात असतात ती स्वतःबद्दलच्या प्रश्नांची चार उत्तरं, प्रत्येकी साडेतीनशे शब्दांपर्यंत. ती कन्सल्टंटने ‘पॉलिश’ करायला घेतली. यूसीच्या अर्जाचं खातंही त्यांनीच उघडलं, स्वतःच्या ईमेलवर. पासवर्ड मागितला तर म्हणाले, “सबमिशनच्या वेळी गोंधळ नको.”

जानेवारीत पत्र आलं. ‘प्रोव्हिजनल ॲडमिशन’, बर्कलीचं बोधचिन्ह, खाली सही. सीट राखायला १,५०० डॉलर्स. मी भरले आणि ताईला व्हिडिओ कॉल करून पत्र दाखवलं. ती रडली. चार दिवसांनी आणखी एक मेल आला: सेव्हिस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी, ३५० डॉलर्स.

इथे भाचा थांबला. तो कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात गेला आणि तासाभराने मला पार्किंगमधून फोन केला. “मामा, ट्रान्सफरला ही फी परत भरायची नसते म्हणे. स्टेटस नीट असेल तर रेकॉर्ड इथून तिथे पाठवतात आणि नवीन कॉलेज नवीन आय-ट्वेंटी, व्हिसासाठी लागणारा तो फॉर्म, देतं.” मग हळूच म्हणाला, “आणि बर्कलीचे ट्रान्सफरचे निकाल एप्रिलमध्ये लागतात.”

रात्री ते पत्र पुन्हा उघडलं. तारीख १५/०१/२०२४. अमेरिकेतलं विद्यापीठ आधी दिवस आणि मग महिना कशाला लिहील? मेलच्या पत्त्याच्या शेवटी डॉट ईडीयू नव्हतं, डॉट ओआरजी होतं. आणि शेवटची ओळ: ‘काइंडली डू द नीडफुल’. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत ही ओळ मी स्वतः दिवसातून दहादा टाइप केली आहे. तीच माझ्या नजरेतून सुटली.

कन्सल्टंटचा फोन दोन दिवस वाजला, नंतर वाजायचा बंद झाला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. एफटीसी या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे ऑनलाइन तक्रार केली. स्मॉल क्लेम्स कोर्टात दावा लावला. तिथे एकट्या माणसाला १२,५०० डॉलर्सपर्यंत वकिलाशिवाय दावा लावता येतो. पण कार्डावरचा पत्ता निघाला भाड्याच्या टपालपेटीचा. समन्स बजावायचं कुणावर?

यूसीच्या हेल्पलाइनशी झगडून, ओळख पटवून भाच्याने खातं परत मिळवलं. अर्ज खरोखरच गेलेला होता, फक्त बर्कली आणि यूसीएलएला. आत लिहिलं होतं की त्याने गावी वाचनालय काढलं, आणि तिथे चाळीस मुलं येतात. त्याचं गाव म्हणजे ठाणे. यूसी काही अर्ज पडताळणीसाठी निवडते आणि पुरावे मागते. खोटं निघालं तर अर्ज सगळ्याच कॅम्पसवर बाद. मी म्हणालो, “निकाल तर लागू दे, मग बघू.” तो म्हणाला, “नको मामा, माझ्या नावावर ते वाचनालय नको.” आणि माझ्यासमोर बसून त्याने अर्ज मागे घेतला. त्या दिवशी घरात मोठा माणूस कोण होता, हे मला नीट कळलं.

कॅल स्टेट या राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठाच्या काही कॅम्पसचे अर्ज फेब्रुवारीतही चालू होते. एका ठिकाणी जागा मिळाली. आता तो तिथे आहे, अर्थशास्त्रच करतोय, शिक्षक आवडतात म्हणतो. मंडळातल्या बाईंना मी कन्सल्टंट सुचवला नाही. फक्त विचारलं, टॅग भरला का, आणि खात्याचा पासवर्ड मुलीकडेच आहे ना.

गेलेल्या ४,९०० डॉलर्सबद्दल ताईने आजवर एक शब्द काढलेला नाही. फक्त ‘माणसं फसतात रे’ एवढंच म्हणाली. डेव्हिसचा तो अर्धा भरलेला अर्ज मात्र तिला माहीत नाही. भाच्याने सांगितलं नाही, मी तर नाहीच. आता हे वाचेल तेव्हा कळेल.