चित्रकाराच्या टेबलावरचा परवडणारा मॉनिटर: आसुस प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढताना मी बरीच वर्षे एका साध्या, स्वस्त मॉनिटरवर काम करत होते. पडद्यावर छान गव्हाळ दिसणारा मुलीचा चेहरा छापून आला की कावीळ झाल्यासारखा पिवळा दिसे, आणि मला छापखान्याचाच राग येई. कारण मात्र माझ्या टेबलावर होते. त्या पॅनेलवरचा पांढरा रंगच निळसर होता. तो निळेपणा मारण्यासाठी माझा हात प्रत्येक चेहऱ्यात नकळत थोडा जास्त पिवळा, थोडा जास्त नारिंगी भरत होता, आणि कागदावर निळेपणा नसल्यामुळे पिवळा तेवढा उरत होता. म्हणूनच नवा मॉनिटर घेताना मी फोर-के किंवा हर्ट्झच्या आकड्यांपेक्षा रंगांच्या खरेपणाला महत्त्व दिले आणि वीस हजारांच्या आतबाहेर मिळणारा आसुसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही निवडला.

खोक्यावर छापलेल्या ‘१.६७ कोटी रंग’ या शब्दांवर चित्रकाराने विसंबू नये. त्यातून रंगांच्या पायऱ्या किती आहेत एवढेच कळते; सर्वांत भडक लाल किंवा हिरवा कुठवर पोहोचतो ते कळत नाही. पाहायचे ते एसआरजीबी या रंगपट्ट्याचे, म्हणजे ठरवून दिलेल्या रंगांच्या व्याप्तीचे, किती टक्के मॉनिटर दाखवतो ते प्रमाण. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला हा रंगपट्टा आजही इंटरनेटवरच्या बहुतेक चित्रांचा आधार आहे. काही कंपन्या त्याऐवजी एनटीएससी या जुन्या टीव्हीच्या रंगपट्ट्याची टक्केवारी देतात. तिथे ७२ टक्के लिहिले असेल तर तो पट्टा साधारण पूर्ण एसआरजीबीएवढा भरतो. पण ४५ टक्के असेल, तर जास्वंदीचा लाल आणि हळदीचा पिवळा दोन्ही मलूल दिसणार, हे धरून चालावे.

हा मॉनिटर एसआरजीबी १०० टक्के दाखवतो आणि कारखान्यातच त्याचे रंग जुळवून, डेल्टा-ई २ पेक्षा कमी ठेवून तो बाहेर पडतो. डेल्टा-ई म्हणजे अपेक्षित रंग आणि प्रत्यक्ष दिसणारा रंग यांच्यातले अंतर. ते २ च्या खाली असले की डोळ्यांना फरक सहसा जाणवत नाही. पण मला याहून मोलाचे वाटले ते आयपीएस पॅनेल, म्हणजे कोन बदलला तरी रंग फारसे न बदलणारा पडद्याचा प्रकार. जुन्या मॉनिटरच्या टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनेलवर मी सपाट निळे आकाश भरले तरी ते वरच्या बाजूला गडद आणि खाली फिकट दिसे, आणि मान हलवली की छटाही बदले. इथे तसे होत नाही. दुकानात पारख करायची असेल, तर पूर्ण पडद्यावर एकच मध्यम राखाडी रंग भरून घ्यावा, आधी बसून आणि मग उभे राहून पाहावे. राखाडी रंगाची छटा बदलली, तर तो मॉनिटर चित्रकामासाठी घेऊ नये.

पडदा २४.१ इंचांचा असून १९२० बाय १२०० पिक्सेलचा, म्हणजे १६:१० प्रमाणाचा आहे. नेहमीच्या १९२० बाय १०८० च्या मॉनिटरपेक्षा उभ्या बाजूला मिळणारे हे जादा १२० पिक्सेल ऐकायला किरकोळ वाटतात, पण क्रिटा या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रश आणि लेअरच्या (चित्राच्या थरांच्या) पट्ट्या उघडल्यावरही चित्राला मोकळी जागा राहते. पडदा वर-खाली सरकतो आणि उभाही फिरवता येतो. पुस्तकाचे उभे मुखपृष्ठ करताना मी तो तसाच ठेवते.

उणिवाही आहेत. इंचाला साधारण ९४ पिक्सेल असल्यामुळे जवळून पाहिले की बारीक रेषांच्या कडा किंचित खडबडीत दिसतात. आयपीएसच्या स्वभावाप्रमाणे अंधाऱ्या खोलीत काळा रंग थोडा करडा वाटतो, त्यामुळे रात्रीची दृश्ये रंगवताना मी मॉनिटरच्या मागे एक मंद दिवा लावते. यूएसबी-सी जोडणीही नाही.

घरी आणल्यावर एक गोष्ट मात्र आवर्जून करावी: उजळपणा कमी करावा. पडदा जास्त उजळ असला की आपण चित्र गडद रंगवतो आणि छापल्यावर ते काळवंडते. माझी पद्धत सोपी आहे. खिडकीच्या उजेडात मॉनिटरशेजारी कोरा कागद धरायचा आणि पडद्यावरचा पांढरा त्या कागदाएवढाच वाटेपर्यंत उजळपणा उतरवायचा. एचडीएमआय केबल वापरताना काळा रंग फिकट आणि धुरकट दिसला, तर मॉनिटरला दोष देण्याआधी ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये रंगांची मर्यादित (लिमिटेड) रेंज बदलून पूर्ण (फुल) करून पाहावी.

टेबल मोठे असेल आणि आणखी काही हजार घालता येत असतील, तर याच मालिकेतला २७ इंची पीए२७८क्यूव्ही बघावा. २५६० बाय १४४० पिक्सेलमुळे त्यावर रेषा अधिक रेखीव दिसतात. त्याच आकाराचा पण १९२० बाय १०८० चा मॉनिटर कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही, कारण त्यावर पिक्सेल डोळ्यांना टोचतात.