स्नेक ड्राफ्टला पर्याय: कोणती पद्धत कोणत्या लीगला मानवते

हा लेख फँटसी फुटबॉलबद्दल आहे: खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवायचे. इथे फुटबॉल म्हणजे एनएफएलचं अमेरिकन फुटबॉल. संघ बांधण्यासाठी खेळाडू वाटून घेणं म्हणजे ड्राफ्ट, आणि त्यातली एक निवड म्हणजे पिक. बारा मॅनेजर, प्रत्येकाच्या रोस्टरवर सोळा जागा, आणि सीझन सुरू होण्याआधी एका बैठकीत १९२ खेळाडूंची वाटणी. बहुतेक लीगमध्ये ही वाटणी स्नेक ड्राफ्टने होते. पहिल्या राऊंडला क्रम १ ते १२, दुसऱ्याला १२ ते १, तिसऱ्याला पुन्हा १ ते १२. नवी लीग उघडली की ॲपमध्ये हीच पद्धत आधीपासून निवडलेली असते, म्हणून वर्षानुवर्षं तीच चालू राहते. स्नेक टाकाऊ नाही. पण त्याच्या दोन खोडी आहेत, आणि दोन्ही काढता येतात.

पहिली खोड समजायला पहिल्या चार राऊंडचे पिक मोजा. पहिल्या जागेवरच्याला १, २४, २५, ४८ मिळतात. सहाव्या जागेवर ६, १९, ३०, ४३. बाराव्या जागेवर १२, १३, ३६, ३७. तिघांची बेरीज ९८ येते, म्हणून वाटणी समान आहे असं वाटतं. पण खेळाडूंचं मोल नंबराच्या हिशोबाने उतरत नाही. पहिल्या पाच-सहा नावांत जी उतरंड आहे, ती तिसाव्या आणि छत्तिसाव्या नावात जवळजवळ नसते. पहिल्या जागेला वर मिळालेला फायदा खाली परत द्यावा लागतच नाही. दुसरी खोड टोकांची. पहिल्या आणि बाराव्या जागेवरचे दोघे लागोपाठ दोन पिक करतात आणि मग बावीस पिक नुसते बघत बसतात. तेवढ्यात क्वार्टरबॅकांची (चेंडू फेकणारे) किंवा टाइट एंडची (अडवणारे आणि झेलणारेही) रांग लागली, म्हणजे सगळे एकामागून एक तेच घ्यायला लागले, की त्यांच्या हाती काही उरत नाही.

पहिला पिक म्हणजे खात्री, असं मात्र कोणी समजू नये. २०२३ मध्ये धावून आणि झेलून मिळून २,०२३ यार्ड काढणारा क्रिश्चन मॅकॅफ्री २०२४ च्या बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिला गेला आणि दुखापतींमुळे फक्त चार सामने खेळला. त्याच वर्षी त्याच्या बऱ्याच मागून गेलेल्या सॅक्वॉन बार्कलीने २,००५ यार्ड धाव घेतली. हे खेळातलं नशीब आहे, ते असायलाच हवं. जागेची चिठ्ठी कोणाला कुठली लागली याचं नशीब वेगळं, आणि ते कमी करणं कमिशनरच्या, म्हणजे लीग चालवणाऱ्याच्या, हातात असतं.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे थर्ड राऊंड रिव्हर्सल. पहिले दोन राऊंड नेहमीसारखे. तिसरा राऊंड पुन्हा बाराव्यापासून सुरू होतो आणि तिथून पुढे साप पुन्हा वळवळायला लागतो. आता पहिल्या जागेला १, २४, ३६, ३७ मिळतात आणि बाराव्या जागेला १२, १३, २५, ४८. गंमत अशी की बेरीज याही वेळी ९८ च येते. बदलतं ते इतकंच की पिक २५, म्हणजे तिसऱ्या राऊंडचा पहिला चांगला घास, पहिल्याकडून बाराव्याकडे जातो. वर घेतलेल्याची थोडी परतफेड होते. ज्या लीगमध्ये सुपरफ्लेक्सची जागा आहे, म्हणजे दोन क्वार्टरबॅक उतरवता येतात, तिथे वरच्या नावांची उतरंड आणखी तीव्र असते आणि या बदलाचा उपयोगही जास्त होतो. एनएफएफसी (नॅशनल फँटसी फुटबॉल चॅम्पियनशिप) सारख्या मोठ्या रकमेच्या स्पर्धांनी ही पद्धत उगाच धरलेली नाही.

स्लीपर या फँटसी ॲपमध्ये ड्राफ्टच्या सेटिंगमध्ये रिव्हर्सल राऊंड निवडायची सोय आहे. तिथे ३ निवडलं की काम झालं. ज्या ॲपमध्ये ही सोय नाही तिथे ड्राफ्ट बाहेर कागदावर करायचा आणि नंतर कमिशनरने ऑफलाइन ड्राफ्ट म्हणून निकाल भरायचा. घोळ होतो तो एकाच ठिकाणी: लोक जुना स्नेकचा तक्ता समोर ठेवून बसतात. पहिल्या जागेवरचा मॅनेजर २४ वर रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घेतो, ‘पुढचा माझाच’ म्हणून वाइड रिसीव्हर (चेंडू झेलणारा) ठरवून ठेवतो, आणि त्याचा नंबर थेट ३६ ला येतो. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला त्याचे सोळा पिक नंबर लिहून पाठवा. आधीच पिकांची अदलाबदल झाली असेल तर ती जुन्या क्रमाने ठरली की नव्या, तेही लिहून घ्या. नंतरचे वाद इथूनच उगवतात.

याच्या जोडीला जागा वाटपाची केंटकी डर्बी पद्धत घ्यावी, हे आमचं ठाम मत. प्रत्येक मॅनेजर १ ते १२ जागा आपल्या पसंतीच्या क्रमाने लिहून देतो. मग चिठ्ठ्या काढून मॅनेजरांचा क्रम लावायचा. ज्याचं नाव पहिलं निघेल त्याला त्याची पहिली पसंती, दुसऱ्याला उरलेल्यांपैकी सगळ्यात वरची, असं शेवटपर्यंत. नशीब इथेही आहे, पण रिव्हर्सल लागू असेल तर बरेच जण मुद्दाम ११ किंवा १२ मागतात आणि सगळे एकाच जागेसाठी झगडत नाहीत. नियम एकच लागतो: मुदतीत यादी न देणाऱ्याची पसंती १ ते १२ अशी सरळ धरली जाईल, हे आधी जाहीर करायचं.

आता ऑक्शन, म्हणजे ठरलेल्या बजेटमधून बोली लावून खेळाडू घेणं. फँटसी फुटबॉलचा पहिला ड्राफ्ट १९६३ मध्ये ओकलंडला आठ संघांच्या लीगमध्ये झाला आणि त्यात जॉर्ज ब्लँडाचं नाव सगळ्यात आधी घेतलं गेलं. बोलीची पद्धत बेसबॉलमधून लोकप्रिय झाली. १९८० मध्ये सुरू झालेल्या रोटिसरी या फँटसी बेसबॉल लीगच्या धाटणीवर २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू घ्यायची रीत रुळली. फुटबॉलमध्ये रूढ बजेट २०० डॉलरचं आहे. हे पैसे खेळातले, खिशातले नव्हेत. ईएसपीएन आणि याहूवर सेटिंगमध्ये ‘ऑक्शन’ शोधत बसू नका, तिथे याला सॅलरी कॅप ड्राफ्ट म्हणतात. स्लीपरवर ऑक्शन हेच नाव आहे.

न्यायाच्या बाबतीत याच्या जवळपास दुसरं काही पोचत नाही. प्रत्येक खेळाडू प्रत्येकाला मिळू शकतो, फक्त किंमत मोजायची तयारी हवी. पण ही पद्धत मॅनेजरकडून मेहनत मागते आणि वेळही खाते. १९२ खेळाडू, प्रत्येकी सरासरी एक मिनिट धरलं तरी तीन तास बारा मिनिटं, आणि मध्ये दहा मिनिटांची सुट्टी वेगळी. दोन तासांत आटोपेल असं सांगून लोकांना बसवलं की शेवटच्या साठ खेळाडूंना कोणी बोलीच लावत नाही.

आकडेमोड एकच पाठ हवी. कुठल्याही क्षणी तुमची कमाल बोली म्हणजे उरलेले पैसे वजा (रिकाम्या जागा वजा एक). प्रत्येक रिकाम्या जागेसाठी निदान एक डॉलर राखावाच लागतो. सुरुवातीला २०० डॉलर आणि सोळा जागा, म्हणजे कमाल १८५. हा आकडा ॲप आपलं आपण दाखवतं, पण तुमचा. प्रतिस्पर्ध्याचा तुम्हाला काढता आला पाहिजे, आणि ऑक्शन तिथेच जिंकलं जातं.

ड्राफ्टच्या शेवटच्या टप्प्यातला एक प्रसंग जवळून बघा. शेवटचा चांगला टाइट एंड बोलीवर आहे. एका मॅनेजरकडे ४१ डॉलर आणि चार जागा, दुसऱ्याकडे ३९ आणि दोन जागा. हिशोब करा: दोघांचीही कमाल बोली ३८. बोली ३५ वर आहे. जो डॉलर-डॉलरने चढत जाईल आणि ३७ म्हणेल तो हरला, कारण समोरचा ३८ म्हणेल आणि त्यावर बोलायला याच्याकडे काही उरणार नाही. खेळाडू खरंच तेवढ्याचा असेल तर ३५ वरून सरळ ३८ ची उडी मारायची. ॲपमध्ये रक्कम टाइप करून लावायची सोय असते. नुसतं ‘एक डॉलर वाढवा’ बटण दाबत राहणाऱ्यांचे असे खेळाडू हातचे जातात.

नावं पुकारण्यातही कसब आहे. आपल्याला नको असलेले महागडे खेळाडू आधी पुकारायचे म्हणजे इतरांचे पैसे सुटतात. एकाच पोझिशनच्या एका दर्जाच्या चार खेळाडूंपैकी शेवटचा राहीपर्यंत थांबू नका. पहिले तीन घेऊ न शकलेले सगळे चौथ्यावर तुटून पडतात आणि तो तिघांपेक्षा महाग जातो. सर्वांत जास्त होणारी चूक मात्र उलटी असते: पैसे शिल्लक ठेवून उठणं. १८ डॉलर उरवून कोणालाही काही मिळत नाही. दुसरी चूक म्हणजे दुसऱ्याला महाग पडावं म्हणून भाव चढवत नेणं. बोली एक डॉलरने जास्त ताणली की तो नकोसा खेळाडू आपल्याच गळ्यात पडतो.

कीपर असलेल्या, म्हणजे गेल्या वर्षीचे काही खेळाडू ठरलेल्या किमतीत राखता येतात अशा, लीगमध्ये महागाईचा हिशोब न करता ऑक्शनला बसू नये. समजा सगळ्यांनी मिळून ४०० डॉलर खर्चून जे खेळाडू ठेवले त्यांचं खरं मोल ७०० आहे. एकूण २,४०० पैकी २,००० डॉलर हातात उरले, पण बाजारात माल १,७०० चाच. २,००० भागिले १,७०० म्हणजे सुमारे १.१८. तुमच्या यादीत ५० डॉलरचा खेळाडू आता ५९ ला वाजवी आहे. हे न करणारा पहिला तास ‘सगळे वेड्यासारखे भाव देताहेत’ म्हणत बसतो आणि नंतर त्याला पैसे खर्चायला खेळाडूच सापडत नाहीत.

एक अट मात्र पाळाच. बारापैकी दोघे जरी येणार नसतील तर ऑक्शन करू नका. गैरहजर मॅनेजरसाठी ॲप आपोआप बोली लावतं ते ठरलेल्या भावांवर, आणि अशा दोन यंत्रबोल्या एकमेकींना भिडल्या की सगळ्या टेबलाचे भाव बिघडतात. गैरहजेरी अटळ असेल तर रिव्हर्सल स्नेक बरा, त्यात आपोआप निवडलेल्या पिकाने शेजाऱ्याचं नुकसान होत नाही.

अर्धं ऑक्शन, अर्धा स्नेक ही मिश्र पद्धत नवशिक्यांच्या लीगला छान मानवते. प्रत्येकाला १०० डॉलर, प्रत्येकाने बोलीवर तीनच खेळाडू घ्यायचे, म्हणजे ३६ खेळाडूंवर बोली होते आणि तासाभरात संपते. उरलेले तेरा राऊंड स्नेक. इथे आमची सुचवणी अशी की स्नेकचा क्रम उरलेल्या पैशांवर लावा: ज्याच्याकडे जास्त शिल्लक त्याला आधीची जागा. मग प्रत्येक डॉलरला शेवटपर्यंत अर्थ राहतो. बरोबरी झाली तर चिठ्ठी. मोठ्या ॲपवर ही पद्धत तयार मिळत नाही. एका स्प्रेडशीटवर बोली, दुसऱ्यावर स्नेक, आणि नंतर सगळं हाताने भरणं, एवढी तयारी असलेला कमिशनर हवा. पैशांची नोंद करणारा माणूस स्वतः बोली लावणारा नसावा. दोन्ही कामं एकाला जमत नाहीत.

ज्या लीगचे लोक वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये आहेत त्यांच्यासाठी स्लो ड्राफ्ट. प्रत्येक पिकाला चार किंवा आठ तास, रात्री घड्याळ थांबवायची सोय. आठ तासांच्या घड्याळाने १९२ पिक पूर्ण वेळ घेत गेले तर ६४ दिवस लागतील. प्रत्यक्षात इतके लागत नाहीत, पण लीगमधले दोन संथ लोक सगळ्यांना आठवडाभर मागे ओढू शकतात. सीझन लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) गुरुवारच्या सुमाराला सुरू होतो, तेव्हा निदान तीन आठवडे आधी सुरुवात करा, आणि दहाव्या राऊंडनंतर घड्याळ दोन तासांवर आणा. मधल्या काळात सराव सामन्यात कोणी जखमी झालं तर झालेला पिक परत घेता येणार नाही, हा नियम लेखी हवा. आणि प्रत्येकाने ॲपमधल्या आपल्या पसंतीच्या रांगेत पाच नावं तरी भरून ठेवावीत, तीन नव्हे. वर उभे असलेले चौघे रात्रभरात पिक करून मोकळे होतात.

बेस्ट बॉल हा ड्राफ्टपेक्षा लीगचाच वेगळा प्रकार, म्हणून थोडक्यात. ड्राफ्टनंतर ना वेव्हर (कोणाकडेही नसलेले खेळाडू मधेच घेणं), ना अदलाबदल, ना दर आठवड्याला संघ लावणं. ज्यांनी जास्त गुण केले ते आपोआप मोजले जातात. अंडरडॉग या ॲपवर अठरा राऊंड असतात आणि मोजली जाते ती रचना अशी: एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक, तीन रिसीव्हर, एक टाइट एंड, एक फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड, कोणीही). दोन ते तीन क्वार्टरबॅक, पाच-सहा रनिंग बॅक, सात-आठ रिसीव्हर, दोन-तीन टाइट एंड हा समतोल धरावा. दोनच क्वार्टरबॅक घेतले आणि दोघांचा बाय, म्हणजे सामना नसलेला आठवडा, एकच आला तर त्या आठवड्यात ती जागा शून्य, आणि भरायला वाट नाही. ड्राफ्टची मजा हवी पण सीझनभर वेळ नाही, अशांसाठी हा प्रकार खरा. पैसे लावून खेळायचं असेल तर आपण राहतो तिथला कायदा परवानगी देतो का ते आधी बघावं.

शेवटी बंद पाकिटातली बोली, जी फार कमी लीग करतात आणि जास्त करायला हवी. एकाच वेळी सगळे ठराविक खेळाडूंवर गुप्त रक्कम लिहून देतात. सर्वांत जास्त लिहिणाऱ्याला खेळाडू, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीची. अर्थतज्ज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये या प्रकारच्या लिलावाची मांडणी केली. एकटा खेळाडू विकायचा असेल तर यात आपलं खरं मोल लिहिणं हीच सर्वांत शहाणपणाची चाल ठरते, कारण द्यायची किंमत आपल्या आकड्यावर नाही, दुसऱ्याच्या बोलीवर ठरते. अडचण येते ती एकदम अनेक खेळाडूंवर बोली घेतली की. एकालाच पाच मिळतात आणि त्याच्या बजेटच्या बाहेर जातात. त्यासाठी एका फेरीत बाराच खेळाडू ठेवा, निकाल खेळाडूंच्या जाहीर क्रमाने लावत जा, आणि एखाद्याचे पैसे संपले की त्याच्या पुढच्या बोल्या बाद करून त्या खेळाडूची बोली उरलेल्यांमध्ये लावा. बरोबरी झाली तर ज्याच्या रोस्टरवर कमी खेळाडू त्याला प्राधान्य, तरीही बरोबरी राहिली तर ज्याची चिठ्ठी आधी पोचली त्याला. म्हणून चिठ्ठ्या अशा फॉर्मवर घ्या ज्यावर पोचल्याची वेळ आपोआप पडते, आणि तो फॉर्म लीगबाहेरच्या माणसाला उघडू द्या.