उलटी उसवत जाणारी गोष्ट

रात्रपाळीहून सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरी आलो. शेंगाचटणी-भाकरी खाताना भाच्याने मोबाइलवर ‘डेड आयलंड’ या झोंबींच्या (चालत्या मुडद्यांच्या) व्हिडिओ गेमचा २०११ चा ट्रेलर लावला. आमचा धंदा मागाचा, म्हणून लगेच उमगलं: चादर शेवटच्या धाग्यापासून उसवावी तशी ही गोष्ट उलटी चालते. गवतावर निपचित पडलेली लहान मुलगी हळूहळू वर, खिडकीकडे जाते. मध्येमध्ये तीच पोर हॉटेलच्या बोळातून धावते, पण हा काळ सरळ. बापाने पुढे केलेल्या हातापाशी दोन्ही काळ भेटतात. तिथे माझा घास अडकला. बोलणं जवळजवळ नाहीच, पियानोच सांगतो. शेवटी सुट्टीतलं हसरं चित्रण, आणि तेच सर्वात जड जातं. गेममध्ये खेळायला मात्र चार वेगळीच पात्रं आहेत, हे खटकलं. ट्रेलरला पाचपैकी पाच.