बर्कनहेड पार्क : नगराने स्वतःच्या पैशातून घडवलेली बाग

लिव्हरपूलला आलेले बहुतेक प्रवासी मर्सी नदीच्या काठावरूनच परत फिरतात. नदीपलीकडे, एकेकाळी लेअर्ड कुटुंबाच्या जहाजबांधणीमुळे झपाट्याने वाढलेल्या बर्कनहेडमध्ये, जी सार्वजनिक बाग आहे, केवळ तिच्यासाठी नदीखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या गाडीने बर्कनहेड पार्क स्थानकावर उतरावे, असे मी आग्रहाने सांगेन. बागेत प्रवेशशुल्क नाही.

आयोनिक, म्हणजे प्राचीन ग्रीक शैलीच्या खांबांचे मुख्य प्रवेशद्वार भव्य आहे. पण खरी बाग खालच्या तळ्यापाशी सुरू होते. बागेचे रचनाकार जोसेफ पॅक्स्टन यांनी इथल्या सखल, दलदलीच्या जमिनीत तळी खोदून घेतली आणि निघालेल्या मातीचे उंचवटे रचून त्यांवर झाडे लावली. त्यामुळे संपूर्ण तळे एका जागेवरून कधीच दिसत नाही. काठाने चालताना एका ठिकाणी पाणी संपले असे मला वाटले, आणि चार पावलांवरच्या वळणानंतर तेच पाणी बेटाच्या झाडीमागून पुन्हा समोर आले. जवळच छप्पर असलेला लाकडी स्विस पूल आहे. त्याच्या सावलीत शिरल्यावर फळ्यांवर आपल्याच पावलांचा पोकळ आवाज ऐकू येतो आणि बाहेरचे पाणी एकदम अधिक उजळ भासते. मी तो पूल तीनदा ओलांडला.

हे सौंदर्य कोणाच्या पैशातून उभे राहिले, हे कळल्यावर बाग मला अधिकच मोलाची वाटली. डर्बी येथे १८४० मध्ये जोसेफ स्ट्रट यांनी नगराला बाग दिली होती खरी, पण ती एका धनिकाची देणगी होती आणि तिथे आठवड्यातील बहुतेक दिवस शुल्क आकारले जाई. बर्कनहेडच्या नगर सुधारणा मंडळाने मात्र १८४३ मध्ये संसदेच्या कायद्याने अधिकार मिळवून सार्वजनिक निधीतून २२६ एकर जमीन घेतली, त्यातली १२५ एकर सर्वांसाठी राखली आणि सभोवतालचे भूखंड घरांसाठी विकून खर्च भागवण्याची योजना आखली. ५ एप्रिल १८४७ रोजी बाग खुली झाली. १८५० मध्ये ती पाहून अमेरिकेचे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड इतके प्रभावित झाले की, लोकशाही अमेरिकेत या लोकांच्या बागेच्या तोडीचे काहीच नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा त्यांनी कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासह केला. तिथे गेलेल्यांना इथली वळणे ओळखीची वाटतील.

एक गोष्ट मनाला खटकते. अ‍ॅशव्हिल रोड बागेच्या मधून जातो, आणि खालच्या भागात लागलेली तंद्री तिथे वाहनांच्या आवाजाने मोडते. तरीही तो ओलांडून वरच्या तळ्यापर्यंत जावे.

किमान दोन तास हाताशी ठेवावेत आणि पाऊस पडून गेला असेल तर पाणी न शिरणारी पादत्राणे घालावीत. परतताना तळ्याकाठच्या पायवाटेऐवजी कडेने फिरणारा जुना गाडीरस्ता धरावा. ज्या भूखंडांच्या विक्रीवर या बागेच्या खर्चाची भिस्त होती, त्यांवरची जुनी घरे बागेकडे तोंड करून उभी असलेली तिथून नीट दिसतात.