विद्यापीठातला इतिहासकार की संस्थेच्या निमंत्रणावरून लिहिणारा?

पीएच.डी. झालेल्या इतिहासाच्या अभ्यासकापुढे आज ढोबळमानाने दोन वाटा असतात. एक विद्यापीठाची, म्हणजे अध्यापन आणि समीक्षित नियतकालिकांतून संशोधन. दुसरी संग्रहालये, संस्थांचे गौरवग्रंथ, माहितीपट, न्यायालयातील तज्ज्ञ साक्ष अशा कामांची, जिला पब्लिक हिस्ट्री असे नाव पडले आहे. रॉबर्ट केली यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यामागे विद्यापीठांतील जागा आटल्या होत्या हेही एक कारण होते. ती अडचण अजून मिटलेली नाही. मी दोन्ही वाटांवर काम केले आहे आणि सध्या पहिल्या वाटेवर आहे, तेव्हा पुढचे विवेचन अगदी तटस्थ असेल असे मी म्हणत नाही. पगार, रजा, बढती यांची तुलना कोणीही करून देईल, म्हणून ती येथे करत नाही.

दुसऱ्या वाटेचे पारडे वरवर पाहता जड आहे. नियतकालिकातला लेख छापून येईपर्यंत विषयातला आपला स्वतःचाच उत्साह ओसरलेला असतो आणि तो वाचणारे बहुतेक जण आपल्या ओळखीचे निघतात. संग्रहालयातील दालनात मात्र आयुष्यात कधी शोधनिबंध न उघडणारा माणूस आपले वाक्य उभ्या उभ्या वाचतो, आणि ते कळले नाही तर पुढे निघून जातो. लिहिण्याला अशी शिस्त विद्यापीठात कोणी लावल्याचा माझा तरी अनुभव नाही.

या वाटेवर दबाव फार असतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खोटा नाही. अणुबाँब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानावरचे स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेचे प्रदर्शन माजी सैनिकांच्या संघटना आणि लोकप्रतिनिधी यांच्या विरोधामुळे १९९५ च्या जानेवारीत मूळ स्वरूपात रद्द झाले आणि संग्रहालयाचे संचालक मार्टिन हार्विट यांना त्याच वर्षी राजीनामा द्यावा लागला. परंतु अनुदान, निबंधांची मोजदाद आणि कंत्राटी नेमणुका यांच्या छायेत काम करणाऱ्या प्राध्यापकाने स्वतःला मुक्त समजावे, अशीही परिस्थिती नाही. माझा निर्णय त्यावर झाला नाही.

तो झाला तळटिपांवर. एका संस्थेचा इतिहास मी लिहून दिला होता. मजकुरात जवळजवळ काहीच बदल झाला नाही. संस्थेला अडचणीची असलेली प्रकरणेसुद्धा, थोडी कुरकुर होऊन, तशीच राहिली. तळटिपा मात्र सगळ्या गेल्या. वाचकाची नजर अडखळते, पान बोजड दिसते, असे कारण मिळाले. त्या ग्रंथाच्या शेवटी द्याव्यात, निदान संकेतस्थळावर ठेवाव्यात, असे सुचवून पाहिले, तेही झाले नाही. ज्या दफ्तरांवर सारा मजकूर उभा होता ती माझे काम संपताच पुन्हा कुलूपबंद झाली. पुढे एका अभ्यासकाने त्यातील एका विधानाचा आधार विचारला. माझ्या टिपणवहीतून मी तो कळवला, पण मूळ कागद पाहण्याची सोय त्याला नव्हती. म्हणजे त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा, एवढेच उरले. बाहेरच्या माणसाला ही बारीकसारीक तक्रार वाटेल. मला ती आजही सलते.

लिपस्टॅट खटल्याकडेही मी याच दृष्टीने पाहतो. ज्यूंच्या संहाराचा इन्कार करणारे ब्रिटिश लेखक डेव्हिड अर्व्हिंग यांनी, त्यांच्या या इन्कारावर आपल्या पुस्तकात टीका करणाऱ्या अमेरिकी इतिहासकार डेबोरा लिपस्टॅट आणि त्यांचे प्रकाशक पेंग्विन यांच्यावर बदनामीचा दावा लावला, तो एप्रिल २००० मध्ये लंडनच्या न्यायालयात फेटाळला गेला. बचावाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभे राहिलेले इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी काय केले? आपल्या सहायकांसह त्यांनी अर्व्हिंग यांच्या तळटिपा धरून मूळ कागद गाठले आणि कागदांची मोडतोड कुठे झाली आहे ते दाखवून दिले. त्या तळटिपा छापलेल्याच नसत्या, तर हे काम कितीतरी अवघड झाले असते. इतिहासकाराची अलीकडची बहुधा सर्वांत गाजलेली सार्वजनिक कामगिरी विद्यापीठातल्या सर्वांत रुक्ष सवयीवर उभी राहिली, ही गोष्ट पब्लिक हिस्ट्रीचे पुरस्कर्ते जरा कमीच सांगतात.

न्यायालयाच्या कामाविषयी मात्र मी याहून ठाम बोलणार नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधून ज्यूंची रवानगी करण्यात हात असलेले फ्रेंच अधिकारी मोरिस पापों यांच्यावरील खटल्यात १९९७ मध्ये अमेरिकी इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी साक्ष दिली, तर फ्रेंच इतिहासकार आंरी रूसो यांनी ती देण्यास नकार दिला. तोंडी साक्षीत संदर्भ दाखवण्याला फारसा वाव नसतो, त्यामुळे माझा कल रूसोंकडे आहे. पॅक्स्टन चुकले असे मात्र म्हणवत नाही.

माझ्या आक्षेपाला अपवाद आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील इतिहासकार १८६१ पासून चालत आलेली कागदपत्रांची जी मालिका संपादित करतात, तिच्यात प्रत्येक कागदाचे मूळ ठिकाण दिलेले असते. इराणवरील १९८९ च्या खंडात १९५३ च्या सत्तांतरामागचा अमेरिकी गुप्तचरांचा हात गाळल्यामुळे मोठा गदारोळ झाला आणि १९९१ मध्ये या मालिकेसाठी कायदाच करण्यात आला. गाळलेले असे उघडकीस येण्याची सोय जिथे आहे, तिथे नोकरी मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी.

इतर ठिकाणी करारावर सही करण्यापूर्वी दोन कलमे मागून पाहावीत: संदर्भ छापले जातील आणि वापरलेली कागदपत्रे ठराविक मुदतीत इतर अभ्यासकांना पाहता येतील. दोन्ही मान्य झाली, तर दुसरी वाट निवडण्यास माझी हरकत नाही. मला स्वतःला दुसरे कलम अजून कोणी मान्य करून दिलेले नाही.