मांजरांसाठी गॅलरीला जाळी: उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं काम कसं झालं

मांजर पाळलं की आमच्या पेठेत सगळ्यांचा एकच सल्ला असतो: "मांजर ते, फिरणारच. त्याला काय कोंडायचं?" फ्लॅटमध्ये राहणारी माझी मैत्रीण नेमकं उलटं सांगते, दार उघडं टाकूच नको म्हणते. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. खाली माझं शिवणकाम, वर घर. दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि शेवटी मागच्या गॅलरीला तिन्ही बाजूंनी आणि वरून जाळी मारून घेतली. काम शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान फॅब्रिकेशनवाल्याकडून झालं. काम करून घेताना मिस्त्रीला नेमकं काय सांगायचं, हे मला सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मांजरांचं सांगते, नाहीतर एवढा खर्च का केला ते कळायचं नाही. सोनी २०१९ च्या महापुरात आली. शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा नणंद पोरांना घेऊन आमच्याकडे आली आणि कपड्यांच्या पिशवीत हे पिल्लू होतं. पाणी ओसरल्यावर नणंद गेली, पिल्लू राहिलं. ते वाढलं कौलांवर. आमच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून आहेत, वर मंगलोरी कौलं, मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढे बोळ. सोनी आमच्या पन्हाळीवरून शेजारच्या कौलांवर आणि तिथून तालमीच्या भिंतीवर जायची. तिचं ऑपरेशन मी वेळेत करून घेतलं होतं. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि ६३ ते ६५ दिवसांत विते. वर्षभरात किती पिल्लं होतील याचा हिशोब करून बघा.

तिच्यापाठोपाठ बंड्या आला. बोका, अंगानं दणकट, स्वभावानं गरीब. एका सकाळी तो कौलांवरून उतरला आणि पाण्याच्या भांड्याजवळच बसून राहिला. तोंड उघडून बघितलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. डॉक्टरांचा अंदाज उंदराच्या विषाचा होता. गोदामांत ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवतात. त्या विषानं रक्त गोठायचं बंद होतं, पण उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून फिरत राहतो आणि असला उंदीर मांजराच्या तोंडात आयता सापडतो. व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन दिलं, पण वेळ निघून गेली होती. वडी कुणी ठेवली याचा मी शोध घेतला नाही. धान्य राखायचं तर लोक उंदीर मारणारच. पण माझं मांजर ज्या कौलांवर फिरतं त्याखाली कुठल्या घरात काय ठेवलंय, हे मला कधीच कळणार नव्हतं.

कुत्री, संक्रांतीच्या आसपासचा मांजा, बोक्यांची भांडणं हे सगळं आहेच. चावा खोल गेला की त्यातून रोगही लागतात. त्यानंतर घरात टिपू नावाचं नवं पिल्लू आलं आणि मी ठरवलं, आता मांजरं कौलांवर जायची नाहीत.

सोनीनं मात्र सगळं घर डोक्यावर घेतलं. पहाटे आणि दिवेलागणीला खिडकीशी बसून असं ओरडायची की गल्लीतल्यांना वाटायचं मी तिला मारतेय. मांजराचा शिकारीचा वेळच तो. सासूबाई म्हणाल्या, "जेल केलीस गं तिची." मला ते लागलं, कारण त्यात खरं होतं. उन्हात लोळायचं, वाऱ्यावरचा वास घ्यायचा, उंचावर बसून गल्ली बघायची, हे काढून घेतलं तर मांजर खातं आणि झोपतं. बोका असा बसून वाढला, पाणी कमी प्यायला, की लघवी अडण्याचा धोका वाढतो आणि ती अडली तर एक दिवसही थांबता येत नाही, तडक डॉक्टर गाठावा लागतो. बाजारात तयार पिंजरे मिळतात, पण त्यांत मांजर नीट अंगसुद्धा ताणू शकत नाही. हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात जनावर ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून गॅलरीच बंद करायची ठरली.

आता काम. मिस्त्री स्वतः घरी येऊन माप घेऊन गेले, हे मला आवडलं. बाकीचे फोनवरच दर सांगत होते. गॅलरी १० फूट लांब, ५ फूट रुंद, वरून उघडी. एक इंची चौकोनी पाइपची चौकट आणि तिच्यात एक बाय एक इंच भोकाची वेल्डेड जाळी, १४ गेज जाडीच्या तारेची, गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेली. मिस्त्रींनी आधी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी सुचवली, स्वस्त पडते म्हणून. मी नको म्हटलं. तिची तार बारीक, मांजर चढलं की ती झोळ धरते आणि कडेला फट पडते. कबुतरांची नायलॉन जाळी मांजर कुरतडतं. दोन इंची भोक घेतलं असतं तर पैसे वाचले असते, पण त्यातून पिल्लाचं डोकं जातं. मांजराचं डोकं गेलं की पाठोपाठ सगळं अंग जातं, कारण त्याच्या खांद्याची हाडं आपल्यासारखी घट्ट सांधलेली नसतात.

हे सगळं समजावल्यावर मिस्त्रींनी मनावर घेतलं. "वहिनी, मांजर काय, वाघ ठेवला तरी निघायचा न्हाई," म्हणाले. आणि मजबुतीत खरंच कुठं कसूर ठेवली नाही. चौकट भिंतीला अँकर बोल्टनं धरली आहे, हलवून बघितली तर तसूभर सरकत नाही. जाळी कापल्यावर तारांची टोकं सुरीसारखी राहतात. त्यांच्या कामगारानं ती सगळी घासली आणि वरून लोखंडी पट्टी मारून झाकून टाकली. हे मी सांगितलेलंही नव्हतं. मांजराच्या पंजाचा विचार करणारा कारागीर मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

तक्रार आहे ती दाराची. दाराखाली त्यांनी तीन इंच फट ठेवली, पावसाचं पाणी जावं म्हणून. पाणी जाईल हे खरं, पण टिपूही जाईल, आणि ज्या कामासाठी पैसे मोजले तेच काम फसेल. मी तिथल्या तिथं दाखवलं, ते हो म्हणाले, आणि मग आज येतो, उद्या येतो सुरू झालं. फोन उचलायचे, गोड बोलायचे, यायचे नाहीत. तोवर मी फळी आडवी लावून, वर विटा ठेवून दिवस काढले. शेवटी आले आणि अर्ध्या तासात पट्टी जोडून गेले. एवढ्याशा कामासाठी माणसाला ताटकळत ठेवू नये, असं मी त्यांना तोंडावरही सांगितलं. दुसरं म्हणजे कडी फक्त बाहेरून होती. आत झाडायला गेलं की दार नुसतं लोटून ठेवावं लागायचं. आतली कडी मागून लावून घेतली, तिचे पैसे वेगळे घेतले.

आणखी एक गोष्ट बारकाईनं बघा. जिथं वेल्डिंग होतं तिथला जस्ताचा थर जळतो आणि पहिला गंज तिथंच धरतो. कोल्हापूरच्या पावसात हे फार लवकर दिसतं. मिस्त्रींनी चौकटीला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, मारला होता, जाळीच्या सांध्यांना नाही. मी बोट ठेवून एकेक सांधा दाखवला, तेव्हा सिल्व्हर पेंट मारून दिला.

आत आता दोन वेगवेगळ्या उंचीवर फळ्या आहेत आणि जुन्या पाटाच्या पायाला लक्ष्मीपुरीतून आणलेली काथ्याची दोरी गुंडाळली आहे, नखं घासायला. कुंडीत गव्हाचे कोंब आहेत आणि खोकलीचं एक रोप. रस्त्याकडेला तण म्हणून उगवतं तेच. त्याच्या मुळाच्या वासानं मांजरं वेडी होतात. सोनीनं पहिल्यांदा ती माती उकरली, नाक खुपसलं, मग गाल घासला, मग कुंडीभोवती आडवी पडून पाय झाडायला लागली. सासूबाई हातातली परात तशीच धरून बघत उभ्या राहिल्या. दुपारी त्या गहू निवडायला आता तिथंच बसतात.

सोनी अजून दिवेलागणीला कौलांकडे बघून ओरडते. पहिल्याइतकी नाही. त्या वेळी मी मशीन बंद करून तिच्याशी दोरीनं खेळते आणि लगेच खायला घालते, मग ती शांत होते. फिरून वाढलेल्या मांजराला हा बदल जड जातो आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. टिपूला बाहेरचं काही माहीतच नाही, तो खूश आहे. आणि जाळी आली म्हणून लसी बंद करू नका. रेबीज आणि तिच्या जोडीची लस दोघांचीही चालूच आहे. दार एखाद्या दिवशी उघडं राहू शकतं.

कडी धरून सगळे मिळून २६ हजार झाले, वरच्या जाळीसकट. स्वस्त नाही, पण घर स्वतःचं असेल आणि गॅलरी असेल तर माझ्या मते ह्याहून चांगला मार्ग नाही. भाड्याच्या घरात असाल तर भिंतीला भोकं पाडण्याआधी घरमालकांना विचारा, किंवा निदान एका खिडकीला बाहेरून जाळीचा खोका करून घ्या, मांजराला बसता येईल एवढा. ह्या वर्कशॉपला काम द्या असं मी सांगेन, पण दाराचा तळ जमिनीला टेकलेला बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. दर वर्षी पावसाआधी, मे महिन्यात, सांध्यांना पुन्हा रंग द्यावा लागणार आहे. त्याची मजुरी वेगळी पडते, तेवढी कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.